नळाचे पाणी जड असेल तर काय करावे? जबलपूरच्या कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

तुमच्या घरी नळ आला आहे आणि पाणी स्वच्छ दिसते. तरीही बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल दोन हिवाळ्यांत जळते आणि कूलरच्या जाळीवर चुन्यासारखी पुटे चढतात. ही पाण्याच्या जडपणाची लक्षणे आहेत. असे पाणी घाणेरडे असते असे नाही, पण घरातील उपकरणांवर आणि महिन्याच्या खर्चावर त्याचा परिणाम होतो.

जड पाणी म्हणजे काय, ते कसे तपासावे, कोणत्या उपकरणाची काय काळजी घ्यावी, कोणत्या सरकारी योजनेतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे या लेखात सांगितले आहे.

ही माहिती कोणासाठी आहे?

- जल जीवन मिशनमधून घरी नळजोडणी मिळालेली ग्रामीण कुटुंबे (पनागर, सिहोरा, पाटण, शहापुरा, मझौली, कुंडम इत्यादी भाग)
- जबलपूर नगर निगमाच्या नळाचे पाणी वापरणारी शहरी कुटुंबे
- नळाबरोबर बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणी वापरणारी कुटुंबे
- उज्ज्वला गॅस जोडणी किंवा पीएम सूर्य घर योजनेचे सौर पॅनेल असलेली कुटुंबे

जड पाणी म्हणजे काय?

पावसाचे पाणी मृदू असते. ते जमिनीत मुरते आणि खडकांतून झिरपते, तेव्हा त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे खनिज पदार्थ विरघळतात. त्यांचे प्रमाण जास्त झाले की पाण्याला जड पाणी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हटले आहे, कारण त्यात साबणाचा फेस होत नाही. मध्य प्रदेशातील प्रयोगशाळेच्या हिंदी अहवालात तुम्हाला "कुल कठोरता" असा शब्द दिसेल. त्याचा अर्थ एकूण जडपणा.

जडपणाचे दोन प्रकार आहेत.

१. तात्पुरता जडपणा: हा बायकार्बोनेटमुळे येतो. पाणी उकळले की हे क्षार तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात आणि पाण्याचा जडपणा कमी होतो. चहाच्या भांड्यात आणि गिझरमध्ये बसणारा थर बहुतेक हाच असतो.

२. कायमचा जडपणा: हा सल्फेट आणि क्लोराइडमुळे येतो. पाणी उकळून तो जात नाही.

जबलपुरात हा प्रश्न का येतो?

जबलपूरची जमीन एकाच प्रकारच्या खडकाची नाही. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही काठांवर जे पांढरे कडे दिसतात, ते मॅग्नेशियमयुक्त संगमरवराचे आहेत. नर्मदेवरील लमेटा घाटाच्या नावाने ओळखले जाणारे लमेटा खडक याच परिसरातले, आणि त्यांत चुनखडीचे थर आहेत. शेजारच्या कटनी जिल्ह्यात चुनखडीच्या खाणी आहेत. अशा खडकांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येणे स्वाभाविक आहे.

म्हणूनच एकाच शहरात दोन मोहल्ल्यांचे पाणी सारखे नसते. एकाच गल्लीत नळाचे पाणी वेगळे आणि बोअरिंगचे वेगळे असू शकते.

- नळाचे पाणी: जबलपूर शहराला मुख्यतः नर्मदेचे पाणी मिळते. ते ललपूर आणि रमनगरा येथील केंद्रांत शुद्ध केले जाते. परियट आणि खंदारी या जलाशयांचे पाणीही शहरात वापरले जाते. नदीचे आणि तलावाचे पाणी सामान्यतः त्याच भागातील बोअरिंगच्या पाण्यापेक्षा कमी जड असते.
- बोअरिंगचे पाणी: ते खडकात दीर्घकाळ राहिलेले असते, म्हणून बहुधा जास्त जड असते.
- छतावरची टाकी: अनेक घरांत नळाचे आणि बोअरिंगचे पाणी एकाच टाकीत सोडले जाते. अशा वेळी नळातून येते ते नर्मदेचे पाणी नसून दोन्हींचे मिश्रण असते.
- ऋतू: पावसाळ्यात नदीच्या पाण्याचा जडपणा कमी होतो. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तो वाढतो.

शुद्धीकरण केंद्रात गढूळपणा काढला जातो आणि जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातले जाते. जडपणा काढणे हा या प्रक्रियेचा भाग नाही. त्यामुळे "पाणी शुद्ध आहे, मग थर कसा बसतो?" या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

किती जडपणा चालतो?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आयएस १०५००:२०१२ लागू आहे. त्यातील संबंधित मर्यादा अशा आहेत (प्रति लिटर मिलिग्रॅममध्ये):

- एकूण जडपणा: स्वीकार्य २००, दुसरा स्रोत नसल्यास कमाल ६००
- कॅल्शियम: स्वीकार्य ७५, दुसरा स्रोत नसल्यास कमाल २००
- मॅग्नेशियम: स्वीकार्य ३०, दुसरा स्रोत नसल्यास कमाल १००
- एकूण विरघळलेले घटक (टीडीएस): स्वीकार्य ५००; दुसरा स्रोत नसल्यास कमाल २०००

येथे एक गोष्ट समजून घ्या. ही मानके पिण्यासाठी आहेत, गिझरसाठी नाहीत. साधारणपणे १२० मिलिग्रॅमच्या वर पाणी जड आणि १८० च्या वर फार जड मानले जाते. म्हणजे तुमच्या पाण्याचा अहवाल १९० आला, तर ते पिण्यासाठी स्वीकार्य आहे, पण गिझरमध्ये थर बसणारच. अशा वेळी तक्रार करून फारसा उपयोग होत नाही. उपकरणांची निगा राखणे हाच उपाय आहे.

आरोग्याला धोका आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागणारे घटक आहेत. जड पाण्याने मुतखडा होतो असे सर्रास म्हटले जाते, पण त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. ज्यांना आधीच मुतखडा आहे त्यांनी पाण्याबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खरा धोका अनेकदा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचा असतो: जंतू, फ्लोराइड आणि नायट्रेट. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम आणि कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तिच्यात सवलत नाही. यांच्यामुळे पांढरा थर बसत नाही. म्हणून पाणी तपासायला द्याल तेव्हा फक्त जडपणा तपासून थांबू नका.

घरच्या घरी कसे ओळखावे?

साबणाची चाचणी:

१. दोन सारख्या, पारदर्शक, झाकणाच्या बाटल्या घ्या.
२. एकीत बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी भरा. दुसरीत तेवढेच नळाचे पाणी भरा.
३. दोन्हींत साध्या अंगाच्या साबणाचे सारखे तुकडे टाका. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, कारण तिचा फेस जड पाण्यातही होतो.
४. दोन्ही बाटल्या सारख्याच वेळ हलवा.

पहिल्या बाटलीत भरपूर फेस आणि दुसरीत कमी फेस व दुधासारखा गढूळपणा दिसला, तर पाणी जड आहे.

टीडीएस मीटर पुरेसे आहे का? नाही. ते पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्र अंदाज देते. त्यात मीठही येते. टीडीएस जास्त म्हणजे जडपणा जास्त असेलच असे नाही.

अधिकृत तपासणी कशी करून घ्यावी?

गावात राहत असाल तर

जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी, ठरलेल्या गुणवत्तेचे आणि नियमित, हे या मिशनचे उद्दिष्ट आहे. गुणवत्ता हा या योजनेचाच भाग आहे, म्हणून तपासणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

- प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्याकडे तपासणी संच असतो. या संचाने जडपणाही तपासता येतो. पाण्याच्या नमुन्यात थेंब थेंब द्रावण टाकतात आणि रंग लालसरवरून निळा होईपर्यंत थेंब मोजतात.
- आपल्या गावातील या महिला कोण आहेत, हे ग्राम जल व स्वच्छता समितीला किंवा सरपंचांना विचारा.
- सविस्तर तपासणीसाठी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाची (लोक ज्याला पीएचई म्हणतात) प्रयोगशाळा आहे. मिशनखालील प्रयोगशाळा सामान्य नागरिकांसाठीही खुल्या असून तपासणी नाममात्र शुल्कात होते.

शहरात राहत असाल तर

शहरी भागासाठी अमृत २.० ही योजना १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. तिच्यातून शहरांतील पाणीपुरवठ्याची कामे होतात. नळाच्या पाण्याच्या गुणवत्तेची जबाबदारी नगर निगमाच्या जल विभागाची आहे. आपल्या झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खासगी तपासणी करायची असल्यास एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा.

नमुना घेताना

१. एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या. ती त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळा.
२. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या, मग बाटली भरा.
३. छतावरच्या टाकीचा नमुना आणि थेट नळाचा नमुना वेगवेगळा घ्या. दोष पुरवठ्यात आहे की तुमच्या टाकीतल्या मिश्रणात, हे यावरूनच कळते.
४. बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण आणि स्रोत (नळ, बोअरिंग, टँकर) लिहा.
५. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्या. ती विसळू नका आणि भरल्यावर त्याच दिवशी पोहोचवा.

शक्य असल्यास वर्षातून दोनदा तपासणी करा: एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर.

कोणत्या उपकरणावर काय परिणाम होतो?

गिझर आणि पाणी तापवण्याचा रॉड

पाणी तापले की तात्पुरत्या जडपणाचे क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर बसतात. थर उष्णता सहज जाऊ देत नाही. त्यामुळे कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि लवकर जळते. "थरामुळे वीजबिल दुप्पट होते" असे सांगितले जाते, ते बरोबर नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, म्हणून तिची जवळजवळ सर्व उष्णता शेवटी पाण्यातच जाते. तुमचा खरा तोटा म्हणजे कॉइल बदलण्याचा खर्च, गाळाने भरून कमी झालेली टाकी आणि नीट न चालणारा थर्मोस्टॅट.

काय करावे:
- तापमान ५५ अंशांच्या आसपास ठेवा. जास्त गरम पाण्यात थर वेगाने बसतो.
- वर्षातून एकदा, हिवाळा सुरू होण्यापूर्वी, जाणकार मिस्त्रीकडून टाकी रिकामी करून साफ करून घ्या. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी (ॲनोड) तपासायला सांगा. ती झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते.
- रॉडवरचा थर काढताना आधी प्लग काढा. रॉड थंड होऊ द्या. चाकूने खरवडू नका, त्याने वरचे आवरण फाटून शॉक लागू शकतो.

कूलर

जबलपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसभर चालतो. त्यातले पाणी वाफ होऊन उडते, पण क्षार मागे राहतात. एक साधा हिशेब पाहा. पाण्याचा जडपणा प्रति लिटर २५० मिलिग्रॅम आहे आणि कूलरमध्ये रोज ४० लिटर पाणी लागते असे धरा. म्हणजे रोज १० ग्रॅम क्षार कूलरमध्ये येतात. ९० दिवसांत ते ९०० ग्रॅम होतात. हेच क्षार खसच्या किंवा गवताच्या ताट्यांत अडकतात, हवा अडते, गारवा कमी होतो आणि पंपावर ताण येतो.

काय करावे:
- टाकीत नुसते वरून पाणी भरत राहू नका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, घासा आणि मग भरा. यामुळे डेंग्यूच्या डासांची पैदासही थांबते.
- आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कूलरमध्ये टाकू नका. त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशी पुसायला किंवा शौचालयात वापरा.
- जमेल तेव्हा कूलरसाठी बोअरिंगऐवजी नळाचे पाणी वापरा.

वॉशिंग मशीन आणि कपडे

जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो. तो कपड्यांवर बसतो, पांढरे कपडे राखाडी दिसतात आणि कापड खरखरीत होते. साबण आणि पावडर जास्त लागते.

काय करावे:
- हाताने धुताना बादलीत धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आधी विरघळवा, मग साबण घाला. जडपणा ३०० च्या आसपास असेल तर २० लिटरच्या बादलीला साधारण एक ते दीड चहाचा चमचा पावडर पुरते. हे पाणी पिऊ नये. लोकरी आणि रेशमी कपड्यांना तसेच ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा वापरू नये. हाताला त्रास होत असल्यास मोजे घाला.
- मशीन असेल तर ज्या नळीतून पाणी येते तिची जाळी महिन्यातून एकदा साफ करा. ड्रम साफ करण्याची पद्धत मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे वापरा.

गॅसवरची भांडी

येथे मात्र थरामुळे इंधन खरेच वाया जाते. भांड्याच्या तळाशी थर असेल तर आच पाण्यापर्यंत उशिरा पोहोचते आणि गरम हवा भांड्याच्या बाजूने निघून जाते. उज्ज्वलाचा सिलिंडर पुरवून वापरणाऱ्या कुटुंबाने पाणी तापवण्याचे पातेले आणि चहाचे भांडे आतून साफ ठेवावे.

काय करावे: स्टीलच्या भांड्यात एक लिटर गरम पाण्याला एक मोठा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालून अर्धा तास ठेवा. थर सुटला की भांडे दोन वेळा स्वच्छ धुवा. किराणा दुकानात लिंबूसत्त्व स्वस्त मिळते. पांढरा व्हिनेगरही चालतो.

नळ आणि शॉवर

शॉवरची छिद्रे बुजली असतील तर शॉवर काढून तासभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासा.

इन्व्हर्टरची बॅटरी आणि वाफेची इस्त्री

बॅटरीत नळाचे, बोअरिंगचे किंवा उकळलेले पाणी कधीही टाकू नका. तिच्यासाठी फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरा. वाफेच्या इस्त्रीसाठीही जड पाणी वापरल्यास छिद्रे बुजतात आणि कपड्यावर पांढरे डाग पडतात.

सौर पॅनेल

पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजनेतून छतावरील पॅनेलसाठी १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पॅनेल बोअरिंगच्या जड पाण्याने धुऊन उन्हात वाळू दिले, तर काचेवर पांढरे डाग राहतात. साचत गेल्यावर ते ऊन अडवतात. पॅनेल सकाळी लवकर, थंड असताना, कमी जड पाण्याने धुवा आणि रबरी पट्टीने किंवा मऊ कापडाने लगेच पुसा. खरखरीत ब्रश वापरू नका.

हे करू नका

- शौचालय साफ करण्याचे ॲसिड गिझर, भांडी किंवा नळासाठी वापरू नका. ते धातू खाते आणि फरशीही खराब करते.
- लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा ॲसिड ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
- बंद न्हाणीघरात कोणतेही ॲसिड वापरू नका.

कशाने जडपणा जातो, कशाने जात नाही?

- तुरटी: गाळ बसतो, जडपणा जात नाही.
- क्लोरीनचे थेंब: जंतू मरतात, जडपणा जात नाही.
- कँडल फिल्टर किंवा यूव्ही यंत्र: जडपणा जात नाही.
- उकळणे: फक्त तात्पुरता जडपणा कमी होतो.
- सॉफ्टनर: जडपणा जातो. मात्र कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. ३०० मिलिग्रॅम जडपणा काढला तर एका लिटरमागे साधारण १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढते. घरात रक्तदाबाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल तर स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरला जोडू नका.
- आरओ: जडपणा जातो, पण बरेच पाणी वाया जाते आणि उपयोगी खनिजेही जातात. ते फक्त पिण्याचे पाणी देते. गिझर किंवा कूलर त्याने वाचत नाही.

खर्च न करता होणारा सर्वांत उपयोगी उपाय

नळाचे आणि बोअरिंगचे पाणी वेगळे ठेवा. नर्मदेचे नळाचे पाणी पिणे, स्वयंपाक, गिझर आणि कूलरसाठी वापरा. बोअरिंगचे पाणी फरशी, शौचालय आणि अंगण धुण्यासाठी ठेवा. छतावर दुसरी टाकी नसेल तर निदान एक ड्रम नळाच्या पाण्यासाठी वेगळा ठेवा.

पावसाळ्यात छताचे पाणी साठवता येते. ५० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ५०० लिटर पाणी जमते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्या. पुढचे मृदू पाणी कपडे धुण्यासाठी उत्तम असते. बॅटरीत मात्र तेही टाकू नका.

फसवणुकीपासून सावध राहा

घरी येऊन "मोफत पाणी तपासणी" करणाऱ्यांपासून सावध राहा. त्यांच्याकडे दोन धातूच्या कांड्यांचे विजेवर चालणारे छोटे यंत्र असते. ते तुमच्या नळाच्या पाण्यात बुडवतात. काही क्षणांत पाणी तपकिरी आणि गाळयुक्त होते. "बघा, तुम्ही काय पिता!" असे म्हणून ते यंत्र विकतात.

तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. विजेमुळे लोखंडी कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. खात्री करायची असेल तर त्यांना आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या बुडवायला सांगा. तेही तपकिरी होईल.

लक्षात ठेवा:
- जल जीवन मिशन किंवा अमृत २.० मधून घरगुती आरओ अथवा सॉफ्टनर दिला जात नाही. "सरकारी योजनेतून अर्ध्या किमतीत" असे कोणी सांगितल्यास पैसे देऊ नका.
- पाणी तपासणीसाठी आधार क्रमांक, बँक खाते किंवा मोबाइलवरील ओटीपी लागत नाही. तो कोणालाही सांगू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: जड पाण्याने गिझर खराब झाला. योजनेतून भरपाई मिळेल का?
उत्तर: नाही. अशी तरतूद या योजनांत नाही. गिझर वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटी कार्ड वाचा. अनेक कार्डांत थरामुळे झालेला बिघाड वगळलेला असतो. कार्डात तसे लिहिलेले नसतानाही दुरुस्ती नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. खरेदीचे बिल जपून ठेवा.

प्रश्न: अहवालात जडपणा ६०० च्या वर आला. आता काय करावे?
उत्तर: पाणी पिण्याच्या कमाल मर्यादेबाहेर आहे. गावात असाल तर अहवालाची प्रत ग्राम जल व स्वच्छता समितीला आणि पीएचई कार्यालयाला लेखी द्या व दुसऱ्या स्रोताची मागणी करा. शहरात असाल तर नगर निगमाच्या जल विभागाला द्या. दखल घेतली नाही तर सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

प्रश्न: फ्लोराइड जास्त आढळले तर?
उत्तर: ते पाणी पिणे आणि स्वयंपाकासाठी थांबवा. उकळून फ्लोराइड जात नाही. फ्लोराइड किंवा आर्सेनिकने बाधित वस्त्यांसाठी जल जीवन मिशनमध्ये सामुदायिक शुद्धीकरण केंद्राची तरतूद आहे. त्यातून पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दरडोई दररोज ८ ते १० लिटर पाणी देता येते. याची मागणी ग्रामसभेत लेखी नोंदवा.

प्रश्न: आम्ही भाड्याने राहतो. तक्रार करता येईल का?
उत्तर: पाण्याचा नमुना कोणीही तपासायला देऊ शकतो. टाकी साफ करणे किंवा पाणी वेगळे करणे यासाठी मात्र घरमालकाशी बोलावे लागेल. नळाचा आणि टाकीचा असे दोन अहवाल हाती असतील तर ते बोलणे सोपे जाते.

तक्रार करताना सोबत ठेवा

- तपासणी अहवालाची प्रत (तारीख आणि स्रोतासह)
- नळजोडणीचा ग्राहक क्रमांक किंवा पाणीपट्टीची पावती
- घरचा पत्ता, वॉर्ड किंवा गावाचे नाव
- आधी दिलेल्या अर्जाची पोच

थोडक्यात

पांढरा थर दिसला म्हणून घाबरू नका आणि लगेच महागडे यंत्रही घेऊ नका. आधी पाणी तपासा. नळाचा आणि टाकीचा नमुना वेगळा द्या. जडपणाबरोबर फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूंची तपासणीही मागा. जडपणा मर्यादेत असेल तर वर्षातून एकदा गिझर, आठवड्यातून एकदा कूलर आणि पुडीभर लिंबूसत्त्व एवढ्यावर काम भागते. मर्यादेबाहेर असेल तर अहवाल हातात घेऊन लेखी मागणी करा. चांगल्या गुणवत्तेचे पाणी हा तुमच्या नळजोडणीचाच भाग आहे.